शेजारचा कुत्रा सतत भुंकतो: तक्रार अर्ज कोणी, कुठे आणि कशाच्या आधारे करायचा

कुत्रा भुंकणारच, त्यामुळे नुसत्या भुंकण्यावर कुठेच कारवाई होत नाही. तक्रार हाताळणारा अधिकारी पाहतो ते वेगळंच: भुंकणं किती वेळ चालतं, कोणत्या वेळी, आठवड्यातून किती दिवस, आणि साधारण सहनशक्तीच्या माणसाला ते असह्य होईल का. ‘फार त्रास होतो हो’ हे वाक्य अर्जात दहादा लिहिलं तरी त्याचं वजन शून्य. वजन असतं ते तारीख-वेळेच्या नोंदींना.

काही ठिकाणी मोजमाप थेट नियमातच दिलेलं असतं. लॉस एंजेलिस शहराच्या नियमानुसार सलग 10 मिनिटं, किंवा 3 तासांच्या अवधीत थांबून थांबून एकूण 30 मिनिटं ऐकू येणारं भुंकणं ‘अति’ धरलं जातं. इंग्लंडमध्ये असा आकडा नाही, डेसिबलची मर्यादाही नाही. तिथे अधिकारी परिस्थिती पाहून ठरवतो. म्हणून मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. फोनचा माइक प्रमाणित नसतो आणि समोरचा वकील तेच पहिल्यांदा विचारतो.

अर्जाआधीची पायरी

मालकाशी बोललात का, हे जवळपास प्रत्येक कार्यालय विचारतं. ही औपचारिकता समजून टाळू नका, कारण अनेकदा मालकाला खरंच काही माहीत नसतं. एकटं राहिल्यावर घाबरणारा कुत्रा मालक बाहेर पडल्यानंतर थोड्याच वेळात भुंकू लागतो आणि मालकाची चाहूल लागली की गप्प होतो. मग मालक शपथेवर सांगतो, ‘आमचा तर आवाजही करत नाही.’ त्याच्या दृष्टीने ते खोटं नसतं. अशा वेळी भांडण्यापेक्षा दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकवा. म्हातारा कुत्रा रात्री भुंकत असेल तर बहिरेपणा, दुखणं किंवा वयामुळे आलेला गोंधळ हे कारण असू शकतं. तिथे नोटिशीआधी पशुवैद्य लागतो.

बोलून फरक पडला नाही तर चिठ्ठी द्या. तारीख घाला, धमकी घालू नका, आणि देण्याआधी फोटो काढून ठेवा. हाच तुमचा पहिला कागद.

अर्ज कोण करू शकतो

आवाज ज्याच्या घरात पोचतो तो कोणीही. घर स्वतःचंच हवं असं नाही, भाडेकरूही चालतो. मात्र निनावी तक्रार सहसा पुढे सरकत नाही. नाव मालकाला कळवायचं नाही अशी पद्धत बऱ्याच कार्यालयांत असते, पण प्रकरण सुनावणीपर्यंत गेलं तर समोर यावंच लागतं. (आणि खरं सांगायचं तर मालकाला अंदाज आलेलाच असतो.) काही ठिकाणी दोन वेगवेगळ्या घरांतून तक्रार आल्याशिवाय कारवाई होत नाही, तेव्हा वरच्या-खालच्या मजल्यावर आधी विचारून घ्या. कुत्रा भटका असेल तर ही प्रक्रिया लागू होत नाही, त्याचे नियम वेगळे.

कागदपत्रं

अर्जात तुमचं नाव-पत्ता-फोन, कुत्रा असलेल्या घराचा पत्ता आणि कुत्र्याचं वर्णन एवढं पुरे. मालकाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. सोबत चिठ्ठीची प्रत, रेकॉर्डिंग, आणि इतर त्रस्त घरांच्या सह्या असतील तर त्या. डॉक्टरांचा दाखला असला तर उत्तम, पण त्याच्यावाचून अर्ज अडायला नको.

सगळ्यात महत्त्वाची नोंदवही. निदान दोन आठवड्यांची ठेवा. ‘काल पुन्हा रात्रभर’ ही नोंद नव्हे. नोंद अशी हवी: ‘मंगळवार, रात्री 11.40 ते 12.25. मधे दोनदा थांबला, दोन-तीन मिनिटं. आवाज मागच्या अंगणातून. मालकाची गाडी दारात नव्हती. मुलगा जागा झाला.’ शांत गेलेले दिवसही लिहा. ज्या वहीत एकही शांत दिवस नाही तिच्यावर अधिकारी पटकन विश्वास ठेवत नाही. रेकॉर्डिंग आपल्याच घरातून करा, कॅमेरा शेजाऱ्याच्या खिडकीत रोखू नका, नाहीतर उलटी तक्रार तुमच्यावर येईल.

अर्ज कुठे, आणि पुढे काय

पहिलं दार बहुतेक ठिकाणी स्थानिक स्वराज्य संस्थेचं. इंग्लंड-वेल्समध्ये 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली उपद्रवाची खात्री पटली की कौन्सिल तो थांबवण्याची नोटीस काढते, आणि मालकाला अपिलासाठी 21 दिवस मिळतात. कौन्सिलने हात झटकले तर रहिवासी स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो. मात्र आवाजाच्या बाबतीत त्याने किमान 3 दिवस आधी शेजाऱ्याला लेखी कळवायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये कौन्सिल आधी मालकाला हरकतीसाठी 7 दिवस देते, मग काढलेला आदेश 6 महिने लागू राहतो.

भारतात सोसायटीत राहत असाल तर आधी कार्यकारिणीकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. सोसायटी कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तेव्हा ‘कुत्रा काढा’ अशी मागणी करू नका. ‘रात्री आत ठेवा’, ‘एकटा सोडू नका’ अशी मागणी टिकते. पोलिसांकडे सार्वजनिक उपद्रवाची तक्रार देता येते, पण हा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे लगेच धरपकड होईल अशी अपेक्षा नको. अनेक घरांना त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं. त्रास फक्त तुमच्याच घराला असेल तर तो खाजगी उपद्रव ठरतो, आणि त्यासाठी मनाई हुकूम मागायला दिवाणी न्यायालय गाठावं लागतं.

वैतागून कुत्र्याला काही खायला घालण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. प्राण्याला मारणं किंवा निकामी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय तुमची मूळ तक्रार तिथेच संपते.

अर्ज दिल्यावर नोंदणी क्रमांक मागून घ्या. नोटीस गेल्यानंतर कुत्रा महिनाभर शांत राहिला तरी वही बंद करू नका. भुंकणं पुन्हा सुरू झालं तर त्याच क्रमांकाखाली नव्या नोंदी जोडता येतात, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.