फोकसिंग लूप (लार्ज फॉरमॅट छायाचित्रण)

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर टेकवून तिथली प्रतिमा मोठी करून पाहण्याचे भिंग. ४×५ किंवा ८×१० इंची शीट फिल्मच्या या कॅमेऱ्यांत फोकस डोळ्यानेच ठरवावा लागतो. काचेवरची प्रतिमा उलटी आणि मंद असते. नुसत्या डोळ्याला जी कड धारदार वाटली, ती मोठ्या प्रिंटवर मऊ निघाली असे सर्रास घडते.

निवडीचा पहिला प्रश्न ‘किती पट’ हा असतो आणि बहुतेक नवखे इथेच जास्त पटीच्या मोहात पडतात. लूपची पट साधारणपणे २५० भागिले नाभीय अंतर (मिलिमीटरमध्ये) अशी काढतात. म्हणजे चारपटीच्या लूपचे नाभीय अंतर सुमारे ६२ मिमी, सहापटीचे ४२ आणि दहापटीचे २५. दहापटीच्या लूपखाली प्रतिमेच्या आधी काचेचे दाणेच डोळ्यांत भरतात, आणि फ्रेनेल पत्रा (काचेवरची प्रतिमा उजळ करणारी, चरे पाडलेली सपाट भिंगपट्टी) बसवलेला असेल तर त्याची वर्तुळाकार चरेही दिसू लागतात. शिवाय काचेचा एवढासा तुकडाच नजरेत येतो, त्यामुळे आपण चित्राच्या कोणत्या भागावर आहोत हेच हरवते. चार ते सहा पट हा पल्ला ४×५ साठी पुरेसा आहे. ८×१० ला चारपटही भरपूर होते.

दुसरी बाब तितकीच महत्त्वाची, पण दुकानात तिच्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. प्रतिमा काचेच्या बाहेरच्या गुळगुळीत अंगावर पडत नाही, ती लेन्सकडच्या खरखरीत अंगावर पडते. काच २ मिमी जाड असेल तर वक्रीभवनामुळे प्रतिमा बाहेरच्या पृष्ठभागाच्या आत सुमारे १.३ मिमीवर असल्याचे भासते. काचेच्या मागे, डोळ्याच्या बाजूला, फ्रेनेल असेल तर हे अंतर आणखी वाढते. चारपटीच्या लूपला एवढ्या फरकाने जेमतेम एक तृतीयांश डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) धक्का बसतो. तो जाणवतही नाही. आठपटीला मात्र तो सव्वा डायॉप्टरच्या वर जातो. म्हणून जास्त पटीचा लूप घ्यायचाच असेल तर फिरवून जुळवता येणारी आयपीस (डोळ्याकडचे भिंग) असलेलाच घ्यावा.

सांगली-सातारा भागात हाताशी मिळणारी भिंगे याच कसोटीवर पाहावीत. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर वापरतात ते दहापटीचे भिंग या कामाला जास्त पटीचे, आणि ते टेकवायला बूडही नाही. विट्याच्या यंत्रमागांवर धागे मोजायला लागणारा घडीचा पिक ग्लास त्याहून सोयीचा. पण तो आपल्या बुडाच्या पातळीवर फोकस करतो, आणि आपली प्रतिमा त्याखाली असते. खाली पट्टी चिकटवली तर उलट बिघडते, कारण भिंग प्रतिमेपासून आणखी दूर जाते. बूड कानशीने घासून एक-सव्वा मिलिमीटर कमी करावे लागते. जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्याची ५० मिमी लेन्स उलटी, म्हणजे मागची बाजू काचेकडे आणि पुढची डोळ्याकडे, धरली की पाचपटीचे, कडेपर्यंत स्वच्छ भिंग होते. स्वस्तातला हा सर्वांत चांगला पर्याय आहे. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून तिच्याभोवती काळ्या जाड कागदाची नळी करावी.

नळी अपारदर्शकच हवी. स्लाइड पाहण्याच्या लूपचे पारदर्शक बूड इथे फोकस करताना डोक्यावर घेतलेल्या काळ्या कापडाच्या फटीतला उजेड आत घेते. बुडाला रबराची कड असावी, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात. बूड फार रुंद असेल तर चौकटीमुळे तो लूप कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही.

कोपऱ्यांची खरी अडचण वाइड लेन्सला येते. मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा जवळून घ्यायचा म्हणून ४×५ वर ९० मिमी लावली, तर कोपऱ्यात प्रकाश सुमारे ४० अंशांनी तिरका येतो आणि मध्याच्या साधारण एक तृतीयांशच उरतो. सरळ उभ्या लांब नळीतून तिथे काळोखच दिसतो. लूप तिरका करून नजर चित्राच्या मध्याकडे, लेन्सच्या रोखाने वळवावी लागते. त्यासाठी सिल्व्हेस्ट्री कंपनीचा सहापटीचा, कलता येणारा लूप आहे. तो नसेल तर अरुंद आणि आखूड बुडाचा लूप चालतो. टोयो कंपनीचा ३.६ पटीचा लांब लूप १५० मिमी आणि त्यापुढच्या लेन्सला फार सुखाचा, कारण चेहरा काचेपासून दूर राहतो आणि श्वासाने काच धुरकटत नाही. वाइडला मात्र तो कोपऱ्यात कमी पडतो.

जुळवणी अशी : खरखरीत अंगावर मऊ पेन्सिलीने बारीक फुली काढावी. लेन्स उजेडाकडे रोखून, पण मुद्दाम फोकसबाहेर ठेवून, फुली आणि काचेचे दाणे काटेकोर दिसेपर्यंत आयपीस फिरवावी आणि तिथेच चिकटपट्टीने पक्की करावी. ही जुळवणी ज्याच्या त्याच्या डोळ्याची असते. केवळ जवळचा किंवा दूरचा नंबर असणाऱ्यांनी चष्मा काढून जुळवावे. सिलिंडर नंबर असेल तर चष्मा ठेवावा.

फोकस करताना लेन्स पूर्ण उघडावी आणि कापडाखाली मिनिटभर डोळा सरावू द्यावा. कासच्या पठारावर पायाजवळचे फूल आणि पलीकडची कड दोन्ही धारदार हवी असतील तर टिल्ट, म्हणजे लेन्सची किंवा मागची चौकट पुढे-मागे कलवणे, लागतो. प्रतिमा उलटी असल्याने जवळचे फूल काचेवर वर असते, दूरची कड खाली. दूरच्या बिंदूवर फोकस, जवळच्या बिंदूवर टिल्ट, असे लूप वर-खाली नेत तीन-चार फेऱ्यांत दोन्ही जुळतात. मग एफ/२२ ला छिद्र लहान करून पुन्हा तपासावे. लूप दाबू नये. हलक्या कॅमेऱ्याची मागची चौकट सरकते. गळ्यातल्या दोरीला लटकणारा लूप वाकल्यावर काचेवर आपटतो, म्हणून तो आधी शर्टाच्या खिशात टाकावा.

सातारच्या पश्चिमेकडच्या पावसात भिंगांना बुरशी लागते. लूप सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, चामड्याच्या पाकिटात नाही. जुना लूप विकत घेताना टॉर्चसमोर तिरका धरून पाहावा : धाग्यांचे जाळे दिसले तर तो घेऊ नये, कारण कोटिंगमध्ये उतरलेली बुरशी पुसून जात नाही.