खरखर मोजायला आधी रेडिओ पुरतो

मिडियम वेव्हचा जुना रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी काटा आणा आणि सेट चालू चार्जरजवळ न्या. घरघर वाढली, तर विद्युतचुंबकीय उत्सर्जन तुमच्या कानावर पडलं. चार्जरमधला स्विच सेकंदाला समजा 65 हजार वेळा चालू-बंद होतो. त्या 65 किलोहर्ट्झच्या पटी चढत जातात आणि दहावी पट, 650 किलोहर्ट्झ, थेट रेडिओच्या पट्ट्यात येऊन बसते.

आकडा मात्र मिळत नाही. त्यासाठी टीव्ही पाहायला बनवलेली यूएसबी डोंगल कामाला येते. आरटीएल-एसडीआर म्हणून ती ओळखली जाते आणि साधारण 24 ते 1,700 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. संगणकाला जोडली की कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे याचा आलेख पडद्यावर दिसतो. तिला जोडायचा प्रोब, म्हणजे उत्सर्जन टिपणारं टोक, घरीच होतो. कोॲक्शियल केबलचं (मध्ये तार, भोवती धातूची जाळी) टोक वळवून अंगठीएवढं कडं करा, टोकाची मधली तार आणि जाळी कड्याच्या बुडाशी जाळीलाच डाग देऊन जोडा, माथ्यावर जाळी मिलिमीटरभर कापून फट ठेवा. वर टेप गुंडाळायला विसरू नका. उघडी जाळी चालू सर्किट बोर्डाला टेकली की प्रोब राहिला बाजूला, बोर्डच जातो.

डोंगल भोळी आहे. तिचा एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, फक्त 8 बिटचा, त्यामुळे जवळच्या जोरकस सिग्नलने ती गडबडते आणि आलेखात नसलेली शिखरं दाखवते. मध्ये 10 डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा तुकडा, लावून पाहा: खरं शिखर 10 डेसिबलच उतरतं, खोटं बहुधा त्याहून जास्त.

आता बोर्डावर 32 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे आणि 96 मेगाहर्ट्झला, ऐन एफएममध्ये, शिखर दिसतंय असं समजू. तिसरी पट. पहिला संशय चिपवर जातो, पण बाहेर ओरडते ती बहुतेकदा केबल. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमानुसार घरगुती उपकरणापासून 3 मीटरवर, 30 ते 88 मेगाहर्ट्झमध्ये, विद्युत क्षेत्र दर मीटरला 100 मायक्रोव्होल्टच्या आत हवं. मीटरभर लांब केबलमधून 50 मेगाहर्ट्झचा अवघा 5 मायक्रोअँपिअर कॉमन-मोड प्रवाह (केबलमधल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने जाणारा) वाहिला, तरी ही मर्यादा गाठली जाते! म्हणून प्रोबआधी केबलकडे बघावं, असं माझं मत. दुभंगणाऱ्या फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) कड्यावर तारेचे दोन-चार वेढे घाला, ते केबलभोवती मिटवा. झाला करंट क्लॅम्प, म्हणजे केबल न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा. एकदा माहीत असलेला सिग्नल त्यातून नेऊन कॅलिब्रेट केला, की मायक्रोअँपिअरमध्ये वाचता येतं.

कड्याच्या प्रोबचे डेसिबल मात्र 3 मीटरवरच्या मर्यादेशी ताडू नका. अगदी जवळच्या क्षेत्रातून लांबचं क्षेत्र सरळ गुणाकाराने निघत नाही. त्यांचा उपयोग तुलनेला. आधी उपकरण बंद ठेवून आजूबाजूची एफएम स्टेशनं नोंदवा, मग चालू करा, मग केबल काढून पुन्हा बघा. प्रत्येक वेळी प्रोब त्याच जागी, त्याच कोनात. कडं थोडं फिरलं तरी वाचन कितीतरी डेसिबलने हलतं.