मेंटेनन्स परमिटचा अर्ज: कोणी करायचा, सोबत काय जोडायचे, परत का येतो

मशिनचे गार्ड (संरक्षक झाकण) काढून किंवा धोक्याच्या भागात हात घालून करायच्या प्रत्येक कामाला परमिट, म्हणजे लेखी परवानगी, लागते. पट्टा बदलणे, रोलरमध्ये अडकलेला माल काढणे, डाय बसवणे, बेअरिंग काढणे, सगळे यात आले. काम पाच मिनिटांचे आहे म्हणून सूट नाही. बोटे जायला एक सेकंदही पुरतो.

अर्ज कोण करू शकतो

प्रत्यक्ष काम करणाऱ्या गटाचा प्रमुख. त्या मशिनचे आयसोलेशन (वीज, दाब अशी सगळी ऊर्जा तोडून कुलूप लावणे) त्याला शिकवलेले असावे आणि त्याचे नाव अधिकृत यादीत असावे. मंजुरी देणारा माणूस वेगळाच हवा. स्वतःच्या अर्जावर स्वतःची सही चालत नाही. कंत्राटी कामगारांनाही हाच नियम, शिवाय त्या विभागाच्या प्रमुखाची सही लागते.

सोबतची कागदपत्रे

त्या मशिनचे आयसोलेशन पत्रक, कामाचे जोखीम पत्रक, प्रशिक्षणाची नोंद आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव व कुलूप क्रमांक. हायड्रॉलिक किंवा हवेची लाइन असेल तर सर्किटचे ड्रॉइंगही जोडा. पत्रकावरचा मशिन क्रमांक पाटीशी ताडून पाहा. शेजारी शेजारी सारखीच मशिन असली की चुकीचा ब्रेकर बंद होण्याचा धोका मोठा असतो.

ऊर्जेचा रकाना

मशिनमधली कोणती ऊर्जा कशी बंद करणार ते या रकान्यात लिहायचे. अर्ज परत येतो तो मुख्यतः इथे. ‘वीज बंद’ एवढेच लिहिलेले असते. इमर्जन्सी स्टॉप दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. बऱ्याच मशिनमध्ये त्याने फक्त कंट्रोल सर्किट थांबते. आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्यावर कुलूप लागले पाहिजे. ड्राइव्हच्या (मोटारचा वेग ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) कपॅसिटरमध्ये त्यानंतरही चार्ज उरतो. किती मिनिटे थांबायचे ते ड्राइव्हवर छापलेले असते, तोच आकडा अर्जात लिहा.

हायड्रॉलिक पंप बंद केला तरी अक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचे तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब राहतो. मुख्य हवा सोडून दिली तरी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप) आणि सिलिंडर यांच्यामध्ये हवा अडकून राहू शकते, आणि फिटिंग सैल करताच रॉड झटक्याने सरकतो. प्रेसचा रॅम (वरखाली होणारा जड भाग) स्वतःच्या वजनाने खाली येतो, म्हणून त्याला अडवणारा सेफ्टी ब्लॉक कुठे लावणार तेही लिहावे. ताणलेली स्प्रिंग, गरम भाग, कलंडू शकणारा रोलर यांची वेगवेगळी नोंद करा. हा रकाना टेबलावर बसून भरू नये. मशिनभोवती एक फेरी मारून भरावा.

मंजुरीनंतर

प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. गट मोठा असेल तर आयसोलेशनच्या किल्ल्या एका पेटीत ठेवून त्या पेटीवर प्रत्येकाने आपले कुलूप लावायचे. टेस्टर आधी चालू वीजेवर तपासा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावा, नंतर पुन्हा चालू वीजेवर तपासा. नाहीतर बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच दाखवेल. शेवटी स्टार्ट बटण दाबून मशिन हलत नाही हे पाहा आणि बटण पुन्हा बंद स्थितीत आणा. तोवर आत हात नाही.

हातमोज्यांचा प्रकारही अर्जात नमूद करावा. पत्रा हाताळताना कापरोधक मोजे हवेतच. पण फिरत्या शाफ्टजवळ मोजाच अडकून हात ओढून घेतो. हायड्रॉलिक होजची गळती पुठ्ठ्याने शोधावी, हाताने कधीही नाही. दाबाखालचे तेल कातडीत शिरले तर वर टाचणीएवढीच खूण दिसते, आत मात्र ऊतींचा नाश सुरू असतो. अशा माणसाला दुखत नसले तरी ताबडतोब सर्जनकडे न्यावे.

मुदत आणि बंद करणे

परमिट साधारणपणे एका शिफ्टपुरते असते. शिफ्ट बदलताना येणाऱ्याचे कुलूप आधी लागते, मग जाणाऱ्याचे निघते. मध्येच चाचणीसाठी मशिन फिरवायचे असल्यास माणसे आणि हत्यारे बाहेर काढून कुलपे काढावी लागतात, आणि पुढच्या कामाआधी सगळे आयसोलेशन पुन्हा करून तपासावे लागते. काम संपल्यावर हत्यारे मोजा, गार्ड बसवा, प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः काढावे. त्यानंतरच परमिटवर ‘काम पूर्ण’ची सही होते आणि मशिन ऑपरेटरच्या ताब्यात जाते.