मलबारी चापडा बघायला येताय? आधी एवढं वाचा

चापडा म्हणजे झुडपांवर राहणारा एक विषारी साप. तो दाखवायला आम्ही रात्री गट घेऊन जातो, आणि पावसाळी बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "चापडा नक्की दिसेल ना?" खात्री आम्ही देत नाही. जो देतो, त्याच्याकडे साप बहुधा आधीच बरणीत असतो. पण आंबोलीत जून ते सप्टेंबर, रात्री ओढ्याकाठची झुडपं नीट पाहिली तर दिसण्याची शक्यता चांगली असते.

हा साप पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही. त्यातही 2021 च्या एका अभ्यासानंतर केरळातल्या पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडचे चापडे वेगळ्या जातींचे धरले जातात, म्हणजे आपल्याकडच्याचा मुलूख आणखी आखडला. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. "मग एवढे नियम कशाला?" असं विचारणाऱ्यांनी पावसाळी रात्रीनंतर घाटरस्त्यावर चिरडलेले साप बघावेत. रंगावरून ओळखायला जाऊ नका. हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी, सगळ्या रंगांत मिळतो. टोकदार तोंडाचा सडपातळ हिरवा साप मात्र हरणटोळ.

आता खरी अडचण. फोटोत पान आडवं येतं म्हणून कुणीतरी फांदी वाकवतो, कुणी काडीने शेपूट सरकवतो. चापडा दबा धरून शिकार करतो. बेडकाची, पालीची वाट बघत एकाच जागी कित्येक दिवस बसून राहतो. डिवचला की जागा सोडतो. मग दुसऱ्या दिवशीच्या गटाला घेऊन आम्ही तासभर रिकामी झुडपं धुंडाळायची, आणि रेटिंग आमचंच जायचं. शिवाय डोळा आणि नाकपुडी यांमधल्या खाचेने त्याला ऊब कळते, त्यामुळे अंधारातही तुमचा हात त्याच्यापासून लपत नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं; चापड्याच्या दंशावर त्याचा भरवसा नाही, आणि इथून घाट उतरून सावंतवाडी गाठावी लागते.

साप पकडून हव्या त्या फांदीवर बसवून देणारेही भेटतील. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली साप पकडणं गुन्हा आहे. आमच्याकडे ते होणार नाही. त्यापायी एखादा ग्राहक गेला तर जाऊ दे. सापडलेली जागा सोशल मीडियावर टाकू नका, एवढी एक विनंती.

पान आडवं आलंच तर वाटाड्याला सांगा, तो दुसरा कोन दाखवेल. फ्लॅशचा उजेड सौम्य करणारा डिफ्यूझर आणि गमबूट आमच्याकडे आहेत. बुकिंग करताना पायाचं माप कळवा. शनिवार-रविवार लवकर भरतात. मधल्या वारी आलात तर गट लहान असतो आणि प्रत्येकाला कॅमेरा लावायला निवांत वेळ मिळतो.