आर्ग-व्ही संपतो तिथे एन्व्ह-पी सुरू: प्रोसेसच्या स्टॅकवरच्या शेजाराची पार्श्वभूमी

युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत नव्या प्रोग्रॅमच्या हाती फक्त आर्ग्युमेंट्स, म्हणजे आदेशासोबत दिलेले शब्द, पडत. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ‘नाव=मूल्य’ अशा जोड्यांची यादी, आलं १९७९च्या सातव्या आवृत्तीत, आणि त्याला जागा मिळाली स्टॅकवर (प्रोसेसच्या, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या, कामाच्या मेमरीत) आर्ग्युमेंट्सला लागूनच. आजच्या लिनक्सवरही खालच्या पत्त्याकडून वर जाताना क्रम तोच दिसतो: आर्ग-सी (आर्ग्युमेंट्सची संख्या), आर्ग-व्हीचे पॉइंटर (प्रत्येक आर्ग्युमेंटचा पत्ता), यादी संपल्याची खूण म्हणून एक नल, लगेच एन्व्ह-पीचे पॉइंटर (एन्व्हायर्नमेंटमधल्या जोड्यांचे पत्ते), पुन्हा नल, मग ऑक्झिलरी व्हेक्टर (कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, दिलेली जादा माहिती). खुद्द स्ट्रिंग्ज, म्हणजे मूळ मजकूर, त्याच्याही वर असतात.

या साऱ्याला लिनक्सवर २००७पर्यंत मेमरीची ३२ पानं, म्हणजे सहसा १२८ किलोबाइट मिळत. २.६.२३ आवृत्तीपासून ती मर्यादा स्टॅकच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश झाली. एका स्ट्रिंगला मात्र १२८ किलोबाइटची अट राहिली.

‘प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट’ या शब्दाने बराच गोंधळ होतो. प्रॉकमधली (प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधली) एन्व्हायरन फाइल दाखवते ते एक्झेकच्या (नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या कॉलच्या) वेळी स्टॅकवर आखलेल्या पट्ट्यातले बाइट. नंतर सेटएन्व्ह या फंक्शनने घातलेलं मूल्य हीपवर, म्हणजे मेमरीच्या वेगळ्या भागात, जातं, म्हणून त्या फाइलीत ते सापडत नाही. हा पट्टा लिहिण्याजोगा असल्यामुळे पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या आदेशात) स्वतःचं नाव बदलू पाहणारे सर्व्हर आर्ग-व्हीच्या स्ट्रिंग्ज पुसून तिथेच नवं नाव लिहीत आले. नाव लांबलं की ते एन्व्हायर्नमेंटच्या हद्दीत शिरतं. म्हणून असे प्रोग्रॅम आधी एन्व्हायर्नमेंट दुसरीकडे हलवतात. कर्नललाही ही युक्ती सांभाळून घ्यावी लागली.

खरा वाद आहे तो रिकाम्या आर्ग-व्हीचा. आर्ग-सी शून्य असेल तर आर्ग-व्हीची जागा क्रमांक १ म्हणजेच एन्व्ह-पीची जागा क्रमांक ०. हे कर्नलने अडवावं, असा मुद्दा २००८मध्ये मांडला गेला होता, पण एकमत झालं नाही. पुढच्याच वर्षी पीकेएक्झेक हा दुसऱ्या वापरकर्त्याच्या, सहसा रूटच्या, अधिकाराने आदेश चालवणारा प्रोग्रॅम आला. त्याचा लूप आर्ग्युमेंट क्रमांक १पासून सुरू होई आणि पुढे त्याच जागी शोधलेला पूर्ण पथ परत लिहिला जाई. आर्ग-व्ही रिकामा दिला की हे लिखाण थेट एन्व्हायर्नमेंटमध्ये पडे, आणि लोडरने (प्रोग्रॅम मेमरीत चढवणाऱ्या घटकाने) सेटयूआयडी, म्हणजे फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, प्रोग्रॅमसाठी मुद्दाम काढून टाकलेलं घातक व्हेरिएबल पुन्हा आत येई. त्यातून रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळत. हे जगजाहीर झालं जानेवारी २०२२मध्ये. प्रोग्रॅमची चूक प्रोग्रॅमचीच, हे मान्य. पण २००८मध्ये दार लावलं असतं तर ही वाट उघडलीच नसती, असं मला ठामपणे वाटतं.

दुरुस्तीवरही खल झाला. असा एक्झेक सरळ नाकारावा, हा पहिला विचार. ओपनबीएसडी ही दुसरी युनिक्स-प्रणाली तेच करत होती. पण काही चाचणी-प्रोग्रॅम जाणूनबुजून रिकामी यादी देत होते, ते मोडले असते. शेवटी लिनक्स ५.१८ने मधला मार्ग घेतला: यादी रिकामी असेल तर कर्नल स्वतःच एक रिकामी स्ट्रिंग घालतो आणि आर्ग-सी १ करतो. सी भाषेच्या अधिकृत मानकात मात्र आर्ग-सी ऋण नसावा इतकीच अट आहे. शून्य तिथे अजूनही चालतो.