रेडिओच की हा! गिटारच्या छोट्या व्हॉल्व्ह अँपची पार्श्वभूमी

बेळगावात इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘ट्यूब आहे का’ असं विचारलं तर समोरून प्रश्न येतो, ‘चार फुटी का दोन फुटी?’ म्हणून अँपमधल्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातल्या) त्या तापणाऱ्या काचेच्या नळीला इथं मी व्हॉल्व्ह हाच शब्द वापरतोय. घरातली जुनी माणसं अजून तोच वापरतात. व्हॉल्व्हचा रेडिओ, तो तापल्याशिवाय बोलायचा नाही, वर विणलेला रुमाल, आणि काटा जरा इकडं केला की धारवाड, जरा तिकडं केला की सांगली. गिटारचा छोटा व्हॉल्व्ह अँप निवडताना आज जे प्रश्न पडतात, त्यातले निम्मे त्या रेडिओच्या पोटातून आलेले आहेत.

हे मला कळलं ते अँप बिघडल्यावर. माझा पाच वॅटचा सेकंडहँड कॉम्बो (म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) गिटार न लावताही भणभणायला लागला. टिळकवाडीत एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी मागची फळी काढली, आत बॅटरी मारली आणि हसले. ‘रेडिओच की हा! काटा तेवढा नाही.’ मी हात घालणार तोच त्यांनी मनगट धरलं. वायरीची दोन टोकं लावलेला एक जाड रेझिस्टर काढला, तो मोठ्या कपॅसिटरच्या (वीज साठवून ठेवणाऱ्या डबीच्या) दोन पायांवर टेकवला आणि मनातल्या मनात आकडे मोजत बसले. पिन काढून ठेवली तरी हा पोटात तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसतो, असं म्हणाले. कपॅसिटर सुकला होता. नवा घालून दोन डाग मारले, भणभण गेली. गिटार त्यांनी आयुष्यात हातात धरली नसावी.

त्यांचं निदान इतिहासाला धरूनच होतं. अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं १९०६ साली तीन टोकांचा व्हॉल्व्ह (ट्रायोड) केला, आणि बारीक सिग्नल मोठा करता येऊ लागला. १९३०च्या दशकात व्हॉल्व्हचा रेडिओ घरोघरी गेला, आणि त्याच दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर मंडळींची पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिला आवाज द्यायला वेगळं काही शोधावं लागलं नाही. रेडिओतला ट्यूनरचा भाग वजा केला की उरतो तो अँप. लिओ फेंडर हाही मूळचा रेडिओ दुरुस्त करणाराच. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्यानं दुकान टाकलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यानं गिटार आणि अँप बनवायला घेतले, आणि १९४८-४९च्या सुमारास चॅम्पियन नावाचे सगळ्यात छोटे अँप काढले. पुढं त्यांचंच चॅम्प झालं.

हा अँप कलाकारांसाठी नव्हता, विद्यार्थ्यांसाठी होता. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारबरोबर तो जोडीनं विकला जायचा. त्या गिटारीला आपल्याकडं हवाईयन गिटार म्हणतात. हिंदी चित्रपटांच्या जमान्यात व्हॅन शिप्लेनं तिच्या इलेक्ट्रिक अवतारावर रेकॉर्डी काढल्या आणि कितीतरी घरांत त्या वाजल्या. म्हणजे ज्या वाद्यासाठी हा खोका जन्मला, ते आपल्या आजोबांच्या कानाला परकं नव्हतं.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातला चॅम्प उघडून पाहिला तर आत तीनच व्हॉल्व्ह. सिग्नल उचलायला एक १२एएक्स७, स्पीकर हलवायला एक ६व्ही६, आणि एसीचं डीसी करायला एक ५वाय३. बाहेर एकच बटण, तेच चालू-बंद आणि तेच आवाजाचं. ताकद पाच वॅटच्या आत-बाहेर, स्पीकर आठ इंची. यातला ६व्ही६ रेडिओसाठीच जन्मलेला. त्याच्या नावातला पहिला ६ म्हणजे आतल्या तारेला लागणारे ६.३ व्होल्ट. युरोपातल्या नावांची रीत वेगळी. ईसीसी८३ मधला ई म्हणजे तेच ६.३ व्होल्ट, सी म्हणजे ट्रायोड, दोनदा सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. हाच व्हॉल्व्ह अमेरिकेत १२एएक्स७. जाहिरातीत ही दोन नावं वेगवेगळी बघून दोन वेगळ्या वस्तू समजणारे मी पाहिलेत. मीही त्यातलाच.

इकडं बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. त्यांचा ईसीसी८३ आणि ईएल८४ (हा ६व्ही६सारखा स्पीकर हलवणारा) आज परदेशातले गिटारवाले जुन्या साठ्यातून शोधून घेतात. बेळगावातल्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या रेडिओंत काय काय असेल कोण जाणे. रेडिओ भंगारात देण्याआधी काचेवरची अक्षरं वाचा, एवढंच सांगतो.

ईएल८४चं गोत्र इंग्लंड-युरोपचं. फिलिप्सनं तो १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअरसाठी काढला. इंग्लंडातल्या डार्टफर्डमध्ये टॉम जेनिंग्ज आणि डिक डेनी यांनी दोन ईएल८४ लावून व्हॉक्स कंपनीचा १५ वॅटचा एसी१५ नावाचा अँप केला. कार्यक्रमांत आवाज पुरेना, तेव्हा चार लावून एसी३० झाला. १९६२ला लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात फेंडरच्याच एका मोठ्या अँपवर बेतलेला पहिला मार्शल तयार झाला, आणि मग आकड्यांची शर्यत लागली, ५० वॅट, १०० वॅट. कारण साधं होतं. हजारोंची गर्दी आणि स्टेजवरचा साऊंड तुटपुंजा, त्यामुळं गिटारचा अँपच भोंग्याचं काम करायचा. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सकडं १०० वॅटचे व्हॉक्स होते, तरी किंकाळ्यांत त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं.

छोटा अँप या काळात मागं पडायला हवा होता. पडला नाही, कारण त्याचा दोष लोकांना आवडायला लागला. व्हॉल्व्हला झेपेल त्यापलीकडं ढकललं की लाटेची टोकं दबतात आणि सूर फाटतो. रेडिओवाल्याच्या दृष्टीनं हा बिघाड. गिटारवाल्याला त्यात जीव सापडला. १९६४ मध्ये इंग्लंडातल्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं एल्पिको नावाच्या एका स्वस्त छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं फाडला आणि तो आवाज रेकॉर्डवर घेतला. मोठा अँप असा फाटायच्या आधी भिंती हादरतात, पाच वॅटचा लवकर फाटतो. स्टुडिओत माइक नाकासमोर असतो, तिथं खोका केवढा हे कोण बघतो? पुढं स्टेजवरही चांगले मिक्सर आणि मोठे स्पीकर आले, तेव्हा छोट्या अँपपुढं माइक लावून काम भागू लागलं.

मधल्या काळात ट्रान्झिस्टरनं सगळं मोडीत काढलं. रेडिओ खिशात आला, व्हॉल्व्हचे कारखाने अमेरिकेत आणि इंग्लंडात एकेक करून बंद पडले. उरले रशिया, चीन आणि तेव्हाचं चेकोस्लोव्हाकिया. गिटारवाल्यांचा हट्ट नसता तर तेही राहिले नसते. २००० नंतर चीनमध्ये बनलेले पाच वॅटचे स्वस्त खोके आले आणि व्हॉल्व्ह अँप आपल्या आवाक्यात आला. या बाजाराचा पाया किती कच्चा आहे ते मार्च २०२२ मध्ये दिसलं. युक्रेनवर हल्ला केल्यानंतर रशियानं निर्यात थांबवल्याची बातमी आली आणि व्हॉल्व्हचे भाव कडाडले. म्हणून अँप घेताना त्यात कुठले व्हॉल्व्ह आहेत हे आधी बघावं. १२एएक्स७, ईएल८४, ६व्ही६ असतील तर स्लोव्हाकियाचे, चीनचे मिळत राहतात. विचित्र नंबर असेल तर सोडून द्यावा.

आता आपल्या गल्लीतला हिशेब. वॅट दुप्पट केले की आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे ५० वॅटचा अँप पाच वॅटच्या दुप्पट मोठा, दहापट नव्हे. शहापूर-वडगावात भिंतीला भिंत लागलेली घरं आहेत. तिथं पाच वॅटचा अँप पूर्ण उघडला की एका मीटरवर शंभर डेसिबलच्या घरात जातो, आणि शेजारच्या काकू मागाच्या खटखटीची सवय असूनही दार वाजवतात. एका व्हॉक्समध्ये यावर चार, एक आणि पाव वॅटची सोय दिली होती, ती खरी शहाणपणाची. ड्रमबरोबर वाजवायचं तर दोन ईएल८४चा १५ वॅटचा अँप आणि दहा-बारा इंची स्पीकर घ्यावा. आठ इंचीत खर्ज भरत नाही. गणपतीत, जत्रेत मराठी-कन्नड-हिंदी असं तिन्ही वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी या भानगडीत पडू नये. त्यांची गिटार प्रोसेसरमधून (आवाज बदलणाऱ्या डिजिटल पेटीतून) थेट मिक्सरला जाते, आणि टेम्पोत खोके चढवता-उतरवताना व्हॉल्व्ह आधी दगावतो.

माझं मत विचाराल तर नावापेक्षा ट्रान्सफॉर्मर बघा. अमेरिकेतून कुणी आणलेला अँप १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० वर लावला की काय होतं ते माझ्या मावसभावानं दाखवलं. एक उजेड, एक वास, आणि खोलीभर शांतता. स्टेप-डाऊन लावला तरी तिकडची वीज ६० हर्ट्झची, इकडची ५०, त्यामुळं तिकडचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो. व्होल्टेज उतरण्याची गोष्ट उलटी. अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हॅलन मुद्दाम व्हॅरिअॅक (व्होल्ट कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावून मार्शलला कमी व्होल्ट द्यायचा, आवाज मऊ फाटावा म्हणून. खानापूर भागात संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की ती सोय फुकट मिळते. गंमत सोडा, रोज असं चाललं तर व्हॉल्व्हच्या आयुष्याला ते बरं नाही, स्टॅबिलायझर लावावाच. आणि स्पीकरची वायर निघालेली असताना अँप चालू करू नये, आउटपुट (स्पीकरच्या बाजूचा) ट्रान्सफॉर्मर जळतो.

मावसभावाच्या अँपचा जळाला होता तो मात्र वीज आत घेणारा ट्रान्सफॉर्मर. बाहेरून मागवायचा तर अँपच्या निम्म्या किमतीला पडत होता. शेवटी उद्यमबागेत मोटारी रिवाइंड करणाऱ्या एकाकडं जुना नेऊन दिला. त्यानं कोर मोजला, कागदावर लिहून घेतलं: २३० आत, बाहेर ३००-०-३००, ६.३ आणि ५. हे कशाचं, असं त्यानं विचारलं. गिटारचं म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून रेडिओचं असं सांगितलं. मग म्हणाला, ‘असं सांगायचं नाही का आधी? गणपती झाल्यावर या, आता पंपांचा सीझन आहे.’