कटकची भात संशोधन संस्था : वाणांचा संग्रह आणि साठच्या दशकातला निर्णय

भात संशोधनासाठी कटकला केंद्र सरकारची संस्था 23 एप्रिल 1946 रोजी सुरू झाली, ती दुष्काळाच्या पाठोपाठ. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. त्याच वर्षी बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पसरला आणि पुढच्या वर्षीच्या दुष्काळाने लाखो माणसे नेली. मुंबईतही रंगूनचा तांदूळ येईनासा झाला आणि 1943 मध्ये शिधावाटप सुरू झाले. दुष्काळाला रोग किती कारणीभूत होता आणि तेव्हाचा कारभार किती, हा वाद जुना आहे. रोगापेक्षा कारभाराचा दोष मोठा होता असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मात्र स्वतंत्र भात संस्था काढण्यामागे त्या रोगाची धास्ती होती, यात शंका नाही. ओडिशा सरकारने विद्याधरपूरचे सुमारे 60 हेक्टरचे प्रक्षेत्र दिले आणि काम सुरू झाले.

पन्नासच्या दशकात तिथे दोन कामे शेजारी शेजारी चालली. एक आंतरराष्ट्रीय मदतीचे होते : खत मानवणारा जपानी भात आणि आपल्याकडचा उंच इंडिका भात यांचा संकर. अशा संकरातून पुष्कळदा वांझ रोपे निपजत, तरीही त्या प्रकल्पातून मद्रास राज्याला एडीटी 27 आणि मलायाला महसूरी हे वाण मिळाले. दुसरे काम फारसे गाजले नाही. 1955 नंतर संस्थेच्या लोकांनी ओडिशातल्या जेपोरच्या डोंगराळ भागातून आदिवासी शेतकऱ्यांकडचे सुमारे 1,745 वाण गोळा केले. संस्थेची खरी दौलत हीच, आणि पुढचा वाद तिच्याभोवतीच झाला.

साठच्या दशकात देशात धान्याचा तुटवडा होता आणि परदेशातून जहाजे येत होती. गावठी भात उंच वाढणारा. त्याला नत्र जास्त दिले की तो लोंबी भरण्याच्या सुमारास लोळतो, दाणा चिखलात जातो आणि खताचा खर्च अंगावर येतो. तैवानचा तायचुंग नेटिव्ह 1 आणि फिलिपाइन्सचा आयआर 8 हे बुटके वाण लोळत नसत, म्हणून त्यांचे बी मोठ्या प्रमाणावर आणून थेट शेतावर लावायचे ठरले. देशभरच्या चाचण्यांचा समन्वित प्रकल्प 1965 मध्ये हैदराबादला गेला, आणि 1966 मध्ये कटकची संस्था भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीत आली. संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी याच काळात दोन आक्षेप नोंदवले : परदेशी बियाण्याबरोबर रोग आत येतील, आणि इथला वाणसंग्रह परदेशी संस्थेच्या हाती सरसकट देऊ नये. त्यांना मुदतीआधी निवृत्त करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

निर्णय घेणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. उपाशी देशाला दहा वर्षे थांबणे परवडणारे नव्हते आणि बुटक्या वाणांनी हेक्टरी उत्पादन वाढवले, हे नाकारता येत नाही. तरीही आक्षेप निराधार नव्हते. तायचुंग नेटिव्ह 1 कडा करप्याला आणि टुंग्रो या विषाणूरोगाला सहज बळी पडे, त्यामुळे त्याची जागा लवकरच इथे पैदा केलेल्या वाणांनी घेतली. 1968 मध्ये प्रसारित झालेल्या जया आणि पद्मा या दोन्ही वाणांचा एक जनक तायचुंग असला तरी दुसरा ओडिशाचा टी 141 होता. इतक्या मोठ्या निर्णयाशी असहमत असणाऱ्या शास्त्रज्ञाला संस्थेबाहेर घालवायची गरज नव्हती. वाद चाचणीच्या खाचरात सुटला असता.

कोकणात या वाणांचे स्वागत संमिश्र झाले. कटकचाच रत्ना (1970) लवकर तयार होणारा आणि बारीक दाण्याचा, म्हणून ठाणे-रायगडात तो रुजला, आणि कर्जतच्या केंद्रावर त्याच्याशी ताडून नवे वाण पारखले गेले. पण बुटक्या भाताचा पेंढा आखूड. ज्या घरी गुरे पेंढ्यावर जगवायची आणि गोठाही त्यानेच शाकारायचा, तिथे दाण्याचा हिशेब एकटा पुरत नाही, आणि तेव्हाच्या शिफारशींत पेंढ्याला जागा नव्हती. झिनी, पटणी, मुणगा, राता हे वाण खाचरांतून मागे हटले ते याच वर्षांत. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले ते थेट 2021 मध्ये, आणि आज मुंबईच्या दुकानांत त्याला चांगला भाव आहे.

कटकहून गेलेल्या त्या शास्त्रज्ञांनी पुढे मध्य प्रदेशात हजारो गावठी वाण जमवले. तो संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडे आला. 2002 मध्ये त्याबाबत एका बहुराष्ट्रीय कंपनीशी चाललेली बोलणी लोकांच्या विरोधामुळे सोडून द्यावी लागली. म्हणजे संग्रह कोणाचा, हा साठच्या दशकातला प्रश्न चाळीस वर्षांनीही तसाच उभा होता.

दरम्यान संग्रहाने आपली किंमत दाखवून दिली. ओडिशाच्या ढालापुट्टिया या गावठी भातातून निवडलेल्या एफआर 13ए वाणात रोप सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. तो गुण स्वर्णा या वाणात उतरवून तयार झालेला स्वर्णा-सब1 भारतात 2009 मध्ये प्रसारित झाला आणि पुराच्या पट्ट्यात पसरला. स्वर्णाची एक जनक महसूरी, म्हणजे पन्नासच्या दशकातल्या संकराचेच फळ. 2015 मध्ये कटकच्या संस्थेच्या नावात ‘केंद्रीय’च्या जागी ‘राष्ट्रीय’ आले. हैदराबादची संस्थाही त्याच सुमारास नव्या नावाने ओळखली जाऊ लागली. मे 2025 मध्ये जनुक-संपादित (म्हणजे रोपाच्या जनुकांत नेमका बदल करून घडवलेल्या) भाताचे दोन वाण सरकारने जाहीर केले, त्यातला एक हैदराबादचा. हे वाण शेतकऱ्याला कोणत्या अटींवर मिळणार आणि त्यासाठी वापरलेल्या तंत्राच्या पेटंटचे काय, यावर सध्याची चर्चा चालू आहे.